लाभ आणि प्रीती
म्हशीमागे चालणाऱ्या बगळ्यावरून सुचलेले काही विचार



मृगाचा पाऊस पडून गेला आणि काळ्या रानावर हिरवी लव उठली, म्हणजे आपल्या वऱ्हाडात एक देखावा गावोगाव दिसू लागतो. अकोल्याहून मूर्तिजापुरास व तेथून अमरावतीस जाणाऱ्या रस्त्याने कोणी निघाला, अथवा पूर्णेच्या काठच्या पडीत रानातून पायी चालला, तर त्याला गावची ढोरे चरताना दिसतात, आणि त्या ढोरांच्या पायांशी पांढरे शुभ्र बगळे पावलास पाऊल लावून चालताना दिसतात. ह्या पक्ष्यास कोठे गायबगळा म्हणतात, कोठे ढोरबगळा म्हणतात. विणीच्या दिवसांत त्याच्या डोक्यावर, मानेवर व पाठीवर पिवळसर तांबूस झाक चढते. एरवी चोच व पाय सोडले तर तो सर्वांगी पांढरा असतो. त्याच कळपातील एखाद्या म्हशीच्या पाठीवर दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल बसलेला असतो, आणि दोन-चार साळुंक्या गवतात इकडून तिकडे धावत असतात. म्हैस कोणालाही शिंग उगारीत नाही. पक्षीही तिला भीत नाहीत.

हे साहचर्य मनुष्याने शिकविलेले नाही. जेथे गुराखी नाही, दावे नाही आणि गोठा नाही, अशा रानातही ते आढळते. आपल्या उत्तरेस उभ्या असलेल्या मेळघाटाच्या डोंगरांत रानगवे व सांबरे आहेत. तो मुलूख १९७३-७४ साली देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत घेतला गेला. रानातील मोठी जनावरे गवत तुडवीत चालली की कीटक उडतात, आणि कीटक उडाले की पक्षी जमतात. हा रानाचा नेम आहे. ज्या दयाळू सृष्टिकर्त्याने मोठ्या जनावराला जड पाय दिले, त्यानेच लहान पक्ष्याला त्या पायांमागे चालण्याची बुद्धी दिली.

आमच्या उपदेशक बंधूंना हा देखावा फार आवडतो, आणि त्याचा दृष्टान्त करून सांगण्याचा मोह सहसा आवरत नाही. तो आम्हांलाही आवरला नाही. काही वर्षांपूर्वी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात उपासना चालविताना आम्ही मंडळीस म्हणालो की, "पाहा, पक्षी म्हशीच्या अंगावरील गोचिड्या वेचतो आणि म्हैस पक्ष्याला चारा मिळवून देते. मुके प्राणी जर एकमेकांवर अशी प्रीती करतात, तर आपण बंधुजनांनी किती करावी बरे?" उपासना संपली, मंडळी उठली, आणि दाराशी बसलेला एक म्हातारा ढोरकी आमच्याजवळ आला. तो मंडळीचा सभासद नव्हता. सावलीसाठी येऊन बसला होता. तो म्हणाला, "मास्तर, थे पाखरू म्हशीसाठी नाई येत. म्हैस चालते तवरक थे चालते. म्हैस बसली का थे उठून दुसरीकडे जाते. पाहा तुमी."

आम्ही पाहिले. त्याच दिवशी सायंकाळी गावच्या तळ्याकाठी जाऊन पाहिले, आणि पुढेही पुष्कळ वेळा पाहिले. म्हातारा खरे बोलत होता. चरणाऱ्या म्हशीजवळ दोन-तीन बगळे असत. तीच म्हैस रवंथ करण्यास बसली की बगळे थोडा वेळ मान उंच करून उभे राहत, आणि मग उडून चालत्या म्हशीकडे जात. तेव्हापासून आमचा तो दृष्टान्त आमच्याच मनाला टोचू लागला, आणि त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो आज वाचकांपुढे मांडावा असे वाटते. प्रश्न असा : ज्या संबंधात दोघांचा लाभ होतो, त्या संबंधाला प्रीती म्हणावे काय? आणि जर म्हणता येत नसेल, तर लाभ घेणे हे पाप आहे काय?

प्रथम त्या पक्ष्याची खरी हकीकत सांगू. कारण खोट्या दृष्टान्ताने खऱ्या देवाची सेवा होत नाही. ज्या विद्वानांनी ह्या पक्ष्याच्या मागे बसून त्याची पावले व त्याचे घास मोजले, त्यांना असे आढळले की, ढोरांच्या सोबतीने चालणारा बगळा एकट्याने हिंडणाऱ्या बगळ्यापेक्षा कमी पावले टाकून अधिक भक्ष्य मिळवितो. त्याचे मुख्य अन्न म्हणजे गवतातील नाकतोडे, टोळ व किडे. बेडूकही तो खातो. जनावराच्या अंगावरील माशी वा गोचीड तो कधी कधी टिपतो हे खरे, परंतु त्याचे पोट त्यावर भरत नाही. म्हणजे बगळ्याचा लाभ मोठा आहे, आणि म्हशीचा लाभ असला तर अल्प आहे. अलीकडे आपल्या शेतांत बैलांच्या वखरामागे चालणारे बगळे ट्रॅक्टरच्या मागेही तितक्याच निष्ठेने चालतात, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. ट्रॅक्टरला रक्त नाही, त्याला गोचीड लागत नाही, आणि त्याच्यावर प्रीतीही करता येत नाही. ह्यावरून पक्ष्याचे लक्ष जनावराकडे नसून त्याच्या पायांखालून उडणाऱ्या किड्यांकडे आहे, हे उघड होते. गमतीची गोष्ट अशी की, पंडितांनी ह्या पक्ष्याच्या कुळाला 'बुबुल्कस' असे जे लॅटिन नाव दिले आहे, त्याचा अर्थ गुराखी असा होतो. हा गुराखी कसा आहे हे आमच्या म्हाताऱ्या ढोरक्याने त्या पंडितांपूर्वी ओळखले असावे.

आता आपण आपल्या प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न आमच्या वाचकांना कोरडा वाटणार नाही; कारण तो त्यांना पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे, आणि प्रेमाने विचारला गेलेला नाही. "तुमचे वाडवडील पोटासाठी बाटले," हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकले नाही? १८९६-९७ साली व पुन्हा १८९९-१९०० साली आपल्या ह्या भागावर दुष्काळाचा घोर प्रसंग आला. विहिरी आटल्या, ढोरे मेली, आईबापांची लेकरे पोरकी झाली. त्या काळी मिशनांनी धान्य वाटले, अनाथगृहे उघडली, आणि कित्येक मुले तेथे वाढून पुढे ख्रिस्ताची झाली. आज त्यांच्या नातवंडांना कोणी विहिरीवर, कोणी बाजारात, कोणी कचेरीत ऐकवितो की, तुम्ही बगळे आहात; मिशनच्या म्हशीमागे किडे टिपण्यास आला होता. पुष्कळ तरुण हे ऐकून खाली मान घालतात. काही रागावतात. काही तर असेही समजतात की, आपल्या आजोबांचा विश्वास खरा नव्हता आणि म्हणून आपलाही खरा नाही.

बंधूंनो, हा आरोप नवा नाही. पवित्र शास्त्रात तो सर्वांत प्रथम कोणाच्या तोंडी आला आहे हे आठवा. ईयोब नीतिमान होता, त्याच्याजवळ मेंढरे, उंट, बैल व गाढवे विपुल होती. तेव्हा सैतानाने परमेश्वरासमोर हेच विचारले की, हा मनुष्य तुझी भक्ती काय फुकट करतो? तू त्याच्याभोवती कुंपण घातले आहेस, म्हणून तो तुला भजतो. सैतानाचा युक्तिवाद असा आहे की, जेथे लाभ आहे तेथे प्रीती असूच शकत नाही. त्या ग्रंथात देवाने हा युक्तिवाद मान्य केला नाही. ईयोबाला आशीर्वाद मिळाला होता ही गोष्ट त्याने नाकारली नाही, आणि तो आशीर्वाद दिला ही आपली चूक झाली असेही तो म्हणाला नाही. लाभ होता आणि भक्तीही होती. दोन्ही एका घरात राहत होती.

लाभ घेणे हे स्वतः पाप नाही, हे शास्त्रात दुसऱ्या एका जनावरावरूनही शिकविले आहे. मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे की, मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये. आपल्या खळ्यावर ज्वारीची कणसे तुडवीत फिरणारा बैल ज्याने पाहिला आहे, त्याला ह्या आज्ञेचा अर्थ सांगावा लागत नाही. बैल धन्याचे काम करतो आणि करता करता दोन घास खातो. त्याचे तोंड बांधून काम घेणे हा देवाच्या दृष्टीने अन्याय आहे. पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिताना हीच आज्ञा सुवार्तेच्या सेवकांना लावली, आणि सेवकाने आपल्या सेवेवर उपजीविका करावी हे योग्य ठरविले. तेव्हा ज्या उपदेशकाला आपले अल्प वेतन घेताना संकोच वाटतो, त्याने तो सोडावा. आणि ज्याच्या आजोबाने दुष्काळात मिशनची भाकर खाल्ली, त्यानेही मान खाली घालू नये. भुकेल्याने भाकर घेतली ह्यात लाज नाही; भाकर असून ती न देणाऱ्याने लाजावे. प्रभूने रानात पाच हजारांना जेवू घातले, तेव्हा कोण विश्वासासाठी आला आणि कोण पोटासाठी आला अशा दोन पंक्ती केल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भाकरीसाठी शोधत आले, तेव्हा त्याने त्यांना तसे स्पष्ट सांगितले. परंतु आदल्या दिवशीच्या भाकरी त्याने परत मागितल्या नाहीत.

तर मग लाभ व प्रीती ह्यांतील भेद कोठे आहे? आमच्या अल्पबुद्धीस तो दोन ठिकाणी दिसतो, आणि ती दोन्ही ठिकाणे पक्षी व जनावर ह्यांच्या संबंधातच पाहावयास मिळतात. पहिले ठिकाण म्हणजे जखम.

जुवाखाली राबून बैलाचा खांदा आला, म्हणजे कावळे जमतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. कावळा बैलाच्या अंगावरील गोचीड टिपतो, आणि बैल सुखाने उभा राहतो. परंतु तोच कावळा उघड्या खांद्यालाही टोचतो. त्याला जखम व गोचीड ह्यांत फरक नाही. दोन्ही त्याचे अन्न आहे. आफ्रिका खंडात ऑक्सपेकर नावाचा एक पक्षी आहे. तो गेंडे, रानम्हशी, जिराफ व पाळीव बैल ह्यांच्या अंगावर चढून राहतो आणि त्यांच्या गोचिड्या खातो. फार काळपर्यंत पुस्तकांतून त्याचे नाव परस्परसाहाय्याचे उत्तम उदाहरण म्हणून येत असे. परंतु झिंबाब्वे देशात एका संशोधकाने काही बैलांपासून हे पक्षी मुद्दाम दूर ठेवून पाहिले, आणि त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. पक्षी नसतानाही बैलांच्या अंगावरील मोठ्या गोचिड्या फारशा वाढल्या नाहीत. उलट, पक्षी नसताना बैलांच्या जखमा अधिक लवकर भरून आल्या. ह्या पक्ष्याला रक्त आवडते. तो जखम टोचून उघडी ठेवतो.

त्या पक्ष्याची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत त्याला गेंड्याचा पहारेकरी अशा अर्थाचे नाव आहे. दक्षिण आफ्रिकेतील काळ्या गेंड्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, पाठीवर पक्षी नसलेल्या गेंड्याला जवळ येणाऱ्या मनुष्याची चाहूल शंभरांतून सुमारे तेवीस वेळाच लागली. पाठीवर पक्षी असताना ती प्रत्येक वेळी लागली, कारण पक्षी ओरडून गेंड्याला सावध करतो. म्हणजे एकच पक्षी गेंड्याची जखम उघडी ठेवतो आणि त्याचा प्राणही वाचवितो. त्याला आपण चोर म्हणावे की रक्षक म्हणावे? खरे पाहता तो दोन्ही नाही. तो आपले अन्न शोधणारा पक्षी आहे, आणि त्याचा हिशेब देवाने आपल्याकडे दिलेला नाही.

आपला हिशेब मात्र आपल्याकडे आहे. ज्याच्या उपजीविकेचा संबंध दुसऱ्याच्या दुःखाशी आहे, अशा प्रत्येकाने स्वतःला विचारावे : ही जखम भरून यावी अशी माझी इच्छा आहे काय? ती भरली तर माझे काम संपेल, माझा मान कमी होईल, कदाचित माझी मिळकतही थांबेल. तरी ती भरावी असे मला वाटते काय? सावकार गरिबाला अडचणीत पैसे देतो, तेव्हा त्याचा उपयोग होत नाही असे नाही. परंतु ऋण फिटावे असे त्याला वाटत नाही. ते चालावे असे वाटते. गावातील काही पुढारी दोन घरांचे भांडण मिटविण्यास जातात, आणि ते थोडेसे शिल्लक ठेवून येतात. आणि आम्ही स्वतःला का वगळावे? आमच्यात असाही उपदेशक असतो की, मंडळीतील माणसे लिहिण्यावाचण्यास शिकली तर आपल्याकडे अर्ज लिहून घेण्यास कोण येईल, ह्या भीतीने तो रात्रीची शाळा मन लावून चालवीत नाही. असाही पाळक असतो की, एखादी विधवा आपल्या पायांवर उभी राहिली तर त्याला आतून थोडे रिते वाटते. कारण तिचे अश्रू पुसण्यात त्याला जे मोठेपण मिळत होते ते गेले. हे पाप इतके सूक्ष्म आहे की ते सेवेच्या वस्त्रात हिंडते.

ह्याच्या उलट उदाहरणे देवाने आपल्या देशात दिली आहेत. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन अनाथ मुली व निराधार विधवा आपल्या आश्रयाला आणल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी त्या मुलींना केवळ अन्न दिले नाही. शेती, विणकाम व छापखान्याचे काम शिकविले, ह्या हेतूने की त्यांना जन्मभर कोणाच्या दयेवर राहावे लागू नये. आपल्या अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे रुग्णालय आहे. अमरावती शहराजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी १९४६ साली तपोवन येथे कुष्ठरोग्यांसाठी वसाहत उभी केली आणि रोग्यांच्या हाताला काम दिले. डॉ. पटवर्धन ख्रिस्ती नव्हते; परंतु दृष्टान्तातील शोमरोनी मनुष्यही यहूदी नव्हता, आणि प्रभूने शेजारी कोण ह्याचे उत्तर त्याच्यावरूनच दिले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याच्या उपचाराची शिफारस केली. त्यानंतर रोगी बरे होऊ लागले, आणि डिसेंबर २००५ पर्यंत आपल्या देशात ह्या रोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाहून कमी झाले. रोग अजून समूळ गेलेला नाही. नवे रोगी आजही सापडतात. पण विचार करा की, ज्यांनी आपले आयुष्य ह्या रोग्यांमध्ये घालविले, त्यांना खाटा रिकाम्या होताना काय वाटावे? जो खरा सेवक आहे, तो रिकाम्या खाटेकडे पाहून देवाची स्तुती करतो. ज्याला आपल्या खाटेचीच चिंता आहे, त्याने कावळ्याची जात ओळखून घ्यावी.

येथे आम्हांला आपल्या गावची एक जुनी रीत आठवते. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलांना जुवातून मोकळे करतो आणि त्यांची खांदशेकणी करतो. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला तो लोणी व हळद लावतो आणि हाताने चोळतो. आपण बैलाची पूजा सोडली, ते योग्य केले. परंतु खांदशेकणी सोडू नये; ती पूजा नाही, ती कृतज्ञता आहे. एकाच खांद्यावर कावळ्याची चोच येते आणि धन्याचा हातही येतो. बैलापासून दोघांनाही लाभ आहे; किंबहुना धन्याचा लाभ कावळ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. भेद इतकाच की एकाला जखम हवी आहे, आणि दुसऱ्याला बैल हवा आहे.

आता दुसरे ठिकाण, आणि ते आमच्या म्हाताऱ्या ढोरक्याने दाखविलेले आहे. म्हैस बसली की बगळा उडतो.

योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूने उत्तम मेंढपाळ व मोलकरी ह्यांतील अंतर सांगितले आहे. मोलकरी मजुरी घेतो, हा त्याचा दोष तेथे सांगितलेला नाही. तो रोज मेंढरे चारतो, पाण्यावर नेतो, सायंकाळी परत आणतो. चांगल्या दिवशी त्याच्यात व मेंढपाळात पाहणाऱ्याला काहीच अंतर दिसत नाही. लांडगा आला म्हणजे मात्र ते दिसते. कारण तेव्हा मेंढरांपासून लाभ मिळण्याचे बंद होते आणि हानी मिळण्याचे सुरू होते. तेव्हा मोलकरी पळतो, आणि पळण्याचे कारण प्रभूने हेच दिले आहे की त्याला मेंढरांची काळजी नाही. म्हणून लाभ चालू असताना प्रीतीची परीक्षा होत नाही. लाभ थांबला की ती होते, आणि ती आपण ठरविलेल्या दिवशी येत नाही.

आपल्या खेड्यांत हा दिवस वारंवार येतो. कापूस बोंडात आला असता अळी पडते, अथवा सोयाबीन सोंगणीला आले असता पाऊस लागतो. बँकेची नोटीस येते. बैलजोडी बाजारात जाते. ज्या घरी काल चार माणसे बसण्यास येत, त्या घरापुढून आज लोक दुसऱ्या बाजूने जातात. कारण हा काही मागेल अशी त्यांना भीती वाटते. तो मनुष्य उपासनेस येण्याचे टाळू लागतो, कारण वर्गणीच्या ताटात टाकण्यास त्याच्याजवळ काही नसते. मग मंडळीत बोलणे सुरू होते की, अमका हल्ली थंड पडला आहे. बंधूंनो, तो थंड पडलेला नाही. तो बसला आहे. आणि आपण उडून गेलो आहोत. आपल्या वऱ्हाडात अशा बसलेल्या माणसांपैकी किती जण एकटेपणाच्या अंधारात आपल्याच हाताने आपला जीव घेतात, हे आम्ही येथे विस्ताराने सांगत नाही. प्रत्येक तालुक्याला ते ठाऊक आहे. कर्ज हे त्याचे एक कारण आहे. परंतु कर्ज असूनही ज्याच्या ओट्यावर सायंकाळी कोणी येऊन बसतो, त्याला ती रात्र काढण्याचे बळ मिळू शकते. मंडळीजवळ त्याचे ऋण फेडण्याइतका पैसा नसेल. त्याच्या ओट्यावर बसण्याइतका वेळ तरी आहे.

कोणी म्हणेल, असे बसून आम्हांला काय मिळणार? हाच तो प्रश्न आहे, आणि ज्या क्षणी त्याचे उत्तर "काही नाही" असे असूनही मनुष्य बसून राहतो, त्या क्षणी तो पशुपक्ष्यांच्या नेमापलीकडे पाऊल टाकतो.

आम्ही पक्ष्याची निंदा केली असे कोणी समजू नये. बगळा आपल्या निर्माणकर्त्याच्या आज्ञेत आहे. तो जे करतो ते करण्यासाठीच तो केलेला आहे, आणि त्याच्या पिलांची पोटे त्यामुळे भरतात. एका चिमणीलाही न विसरणारा आपला पिता त्यालाही विसरत नाही. इतकेच नव्हे, तर देवाने इच्छिले तेव्हा त्याने बैलाची जखम टोचणाऱ्या जातीच्या पक्ष्याकडूनच आपल्या संदेष्ट्याला वाचविले. करीथ ओहोळाजवळ एलीया लपून राहिला असता कावळे त्याला सकाळी व सायंकाळी भाकर व मांस आणून देत होते. भुकेल्या तोंडाच्या त्या पक्ष्यांनी आपल्या चोचीतील घास दुसऱ्याला दिला, आणि त्यांना त्याबद्दल काय मिळाले हे शास्त्र सांगत नाही. आम्हांला वाटते की, काही मिळाले नसावे. देव जर कावळ्याकडून हे करवू शकला, तर आमच्याकडून ते करविणे त्याला कठीण नाही.

आणि शेवटी हेही विसरता कामा नये की, बसलेल्या जनावराजवळ राहणारा एकच मेंढपाळ खरा आहे. आपल्यापासून देवाला काय लाभ होता? आपण त्याच्यासाठी कोणता किडा उडविला, कोणते गवत तुडविले? आपण वाटेवर पडलेले होतो, आपल्या अंगी चालण्याचे बळ नव्हते, तेव्हा तो आपल्याजवळ आला. आणि आपल्या जखमा भरून याव्यात म्हणून त्याने स्वतःच्या अंगावर जखमा घेतल्या. ज्या कोणाला विहिरीवर पुन्हा ऐकविले जाईल की, "तुम्ही पोटासाठी आलात," त्याने शांतपणे म्हणावे, "होय, आम्ही भुकेले आलो. त्याने आम्हांला जेवू घातले, आणि दुष्काळ सरल्यावरही आम्ही त्याला सोडले नाही." हे उत्तर तोंडाने देणे सोपे आहे. ते खरे ठरावे असे वाटत असेल, तर ते दुसऱ्या कोणाच्या ओट्यावर जाऊन द्यावे लागते.

येत्या प्रभुवारी उपासनेहून घरी जाताना ढोरांकडे पाहा. बगळे कोठे आहेत ते पाहा. आणि मग आपल्या मंडळीत कोण हल्ली दिसत नाही, हे आठवून त्याच दिवशी त्याच्या घरी जा. हाती काही नेता आले नाही तरी चालेल. दयाळू प्रभू आपणा सर्वांस हे करण्याची बुद्धी देवो.